एकशे दहावर टक्

नांदगाव पेठच्या फाट्यावर बुधाजी खंडारेचं गॅरेज आहे. त्या गॅरेजात मी आजवर तीन वेळा भांडलो. पहिल्या दोन वेळा मी चुकलो होतो, आन् तिसऱ्या वेळी सोळा आणे खरा होतो. म्हणून ही गोष्ट मीच सांगितली पाहिजे, दुसरा कोणी सांगन तं पहिली दोनच भांडणं सांगत बसन.

मी ओमप्रकाश, तिवस्याचा. वावरात वांगी, मेथी, कोबी, आन् दारात पिकअप गाडी. आमच्या भागातली भाजी रोज पहाटे अमरावतीच्या मंडीत नेऊन टाकतो. त्या रस्त्यावर आमी असे बावीस गाड्यावाले आहोत. तोंडानं मी तिखट आहे, हे मले मान्य आहे. माही बायको माणिकबाई म्हणते, "तुमच्या जिभेले कोणी ब्रेक लावून देत असन तं आधी ते काम करून आणा." आता काय बोलावं या बाईले!

पण गोष्ट माही नाही. माधवीची आहे, बुधाजी मिस्त्रीच्या पोरीची.

मिस्त्री म्हणजे काय माणूस होता, ते आधी ऐका. गाडीचं पुढचं काम त्याचं. स्टेअरिंग फिरवलं की चाक जे ऐकते, आन् खड्ड्यात गाडी आदळली की जे सगळं झेलते, ते आर्म, ते बॉल जॉइंट, त्यांचे बोल्ट, हे सगळं मिस्त्रीच्या हातचं. चाळीस वर्षांत त्यानं कसलेला एक बोल्ट तुटला नाही की ढिला झाला नाही. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत त्याचे चेले पसरले आहेत. कोणी विचारलं, "मिस्त्री, बोल्ट किती कसाचा?" तं मिस्त्री म्हणे, "पाना 'बस' म्हणते, तवा थांबाचं." आता पाना काय बोलते? पण त्याले ऐकू येई, हे खरं.

आन् त्याचा एक कायदा होता. आधी तेल, मंग पाना. आमची काळी माती बोल्टाले चिकटली की ओल धरून ठेवते आन् महिन्याभरात गंज चढते. म्हणून मिस्त्री प्रत्येक बोल्टाच्या आट्यांवर कुपीतून दोन थेंब तेल सोडल्याशिवाय नट लावतच नसे. एखाद्या चेल्यानं कोरडा बोल्ट लावला तं त्याले त्या दिवशी जेवताना शेजारी बसू देत नसे. त्याच्या सगळ्या चेल्यांनी हीच सवय उचलली, आन् आमच्या इकडे कोरडा बोल्ट तवा कोणी लावतच नसे.

तीन वर्षांमागं मिस्त्रीले लकव्याचा झटका आला आन् उजवा हात गेला. डाव्या हातात ताकद होती, पण त्यानं एकदाच पाना धरला आन् बोल्टच मोडला. पाना खाली ठेवून म्हणाला, "या हाताले अक्कल नाही." तवापासून तो गॅरेजच्या दाराशी खुर्चीवर बसे आन् रस्त्याकडे पाहत राही. पान्याले त्यानं पुन्हा हात लावला नाही.

गॅरेज माधवीनं सांभाळलं. अमरावतीच्या आयटीआयमधून मोटार मेकॅनिक झालेली पोरगी, दहा वर्षं बापाच्या हाताखाली तिचेही हात काळे झालेले. पण मी काय म्हणालो? "मिस्त्री, पोट्टीच्या हाती माह्या गाडीचं स्टेअरिंग देता का?" मिस्त्री म्हणाला, "गाडी घेऊन जाय मंग." गेलो. हे माहं पहिलं भांडण. दुसऱ्या गॅरेजात काम केलं, तं दोन महिने गाडी आपोआप डावीकडे पळे, जसं काही तिकडं तिचं माहेर आहे. शेवटी मुकाट्यानं माधवीकडं आलो. तिनं रोजच्या गिऱ्हाइकासारखी गाडी घेतली, हे मले जास्त लागलं.

तिची अडचण वेगळीच होती. बापाचा हात तिच्या हातात नव्हता. दोन गाड्यांचे बोल्ट ढिले होऊन आले. ती बापाले विचारे, "बाबा, किती आवळू?" बाप डावा हात हवेत फिरवून दाखवे, "एवढं. नाही, त्याच्याहून जराक जास्त." आता 'जराक' वहीत कसं लिहाचं, सांगा बरं!

मंग तिनं टॉर्क पाना आणला. त्याच्या दांड्यावर आकडा लावाचा आन् ओढाचं. ठरलेला जोर आला की पाना हातातल्या हातात 'टक्' करते. तिथंच थांबाचं. आमी त्याचं नाव ठेवलं टक पाना. मिस्त्री खुर्चीवरून म्हणाला, "पान्याले इचारून बोल्ट कसते का कोणी?" आमी सगळे हसलो.

पण पाना आणला म्हणजे झालं का? प्रत्येक बोल्टाचा आकडा वेगळा. माधवीनं मोबाइलवर शोधलं, तं आमच्या गाडीच्या खालच्या बॉल जॉइंटच्या बोल्टाले तीन ठिकाणी तीन आकडे. एका ठिकाणी अकरा, एका ठिकाणी ऐंशी, एका ठिकाणी एकशे दहा. अकरा आन् एकशे दहा जवळपास एकच निघाले, फक्त माप जुनं-नवं, कोस आन् किलोमीटरसारखं. ऐंशी जुन्या मॉडेलचा होता. खरं काय ते कंपनीच्या पुस्तकात, आन् पुस्तक कंपनीच्या वर्कशॉपात. अकोल्याच्या एका वर्कशॉपात तिच्या आयटीआयच्या वर्गातला जीवन काम करे. त्यानं फोनवर पुस्तक पाहून सांगितलं, एकशे दहा. माधवीनं तो आकडा भिंतीवर पेंटानं लिहिला, खाली दुसऱ्या बोल्टांचेही लिहिले. सहा महिन्यांत अकरा गाड्यांचे बॉल जॉइंट तिनं त्या आकड्यावर कसले. आधी तेल, मंग पाना, आन् एकशे दहावर टक्.

आन् मंग बोल्ट तुटाले लागले.

पहिला किशोरचा. किशोर म्हणजे आमच्यातला पुढारी, बोलण्यात माह्यापेक्षा वरचढ. त्याचा बोल्ट उभ्या गाडीत तुटलेला सापडला, म्हणून बोभाटा कमी झाला. दुसरा माहा. मोझरी सोडून नांदगाव पेठच्या अलीकडं आलो होतो. मागं मेथी आन् कोबी भरलेला. गतिरोधकाजवळ गाडी हळू केली, आन् खालून आवाज आला 'कट्'. स्टेअरिंग हातात जड झालं आन् डावं चाक वाकडं होऊन बसलं. गाडी रस्त्याच्या कडेला जाऊन थांबली. मी खाली उतरून वाकून पाहिलं, तं बॉल जॉइंटचा बोल्ट तुटला होता. अजून दोन मिनिटांआधी तुटला असता तं मी साठच्या वेगात होतो, आन् माणिकबाईले कोणीतरी फोन केला असता.

भ्यालेला माणूस जास्त ओरडते. मी तुटलेला बोल्ट मुठीत धरून गॅरेजात गेलो आन् सगळ्यांच्या देखत तिच्यावर तुटून पडलो. "तुह्या बापानं चाळीस वर्षांत एक बोल्ट तोडला नाही, तू सहा महिन्यांत दोन तोडले! हा पाना आहे का खेळणं आहे? माणसं माराची आहेत का तुले?" अजून बरंच बोललो, ते इथं सांगण्यासारखं नाही. मिस्त्री दारात बसून ऐकत होता. त्यानं मान खाली घातली ती वर केलीच नाही. ते आठवलं की मले आजही सोताची लाज वाटते.

माधवीनं माही मूठ उघडली आन् बोल्ट घेतला. उलटापालटा पाहिला. म्हणाली, "काका, तुमी बरोबर बोलले. काहीतरी चुकून राहिलं. त्या अकराही गाड्या आजपासून चालवू नका. सगळे बोल्ट मी काढते, नवे टाकते."

"आन् नवे कशावर कसशीन?" किशोर म्हणाला. "त्याच टक पान्यावर?"

गाड्यावाल्यांनी तिथंच ठरवलं. रविवारपर्यंत चूक काय ते तिनं सांगावं, नाही तं बावीसही गाड्या अमरावतीच्या दुसऱ्या गॅरेजात जातील. बावीस गाड्या गेल्या तं त्या फाट्यावर उरते काय? सगळे गेल्यावर ती मले म्हणाली, "गाड्या गेल्या तं जाऊ द्या काका. पण बोल्ट बाबाच्या नावाच्या पाटीखाली तुटले." तिचे डोळे भरले होते, पण आवाज साफ होता.

घरी येऊन मी माणिकबाईले सांगितलं. तिनं ताट माह्यापुढं आपटलं. "पोरीनं लपवलं नाही, पळाली नाही. आन् तुमी मोठे शहाणे!" तीन दिवसांनी माधवीचा फोन आला, तोही माणिकबाईच्या फोनवर. तिले भाजी मोजाची वजनं पाहिजे होती. माणिकबाई मले म्हणाली, "तोंड दाखवाची लाज वाटते तं वजनांच्या मागं लपून जा."

गेलो. माधवीनं अकराही गाड्यांतले काढलेले बोल्ट फडक्यावर मांडले होते, शेजारी एक नवा. सगळे जुने नव्यापेक्षा जराक लांब होते. म्हणजे ढिले नाही, जास्त कसल्या गेले होते, ताणल्या गेले होते. "मंग पानाच खोटा आहे," मी म्हणालो. "तेच पाहाचं आहे," ती म्हणाली. तिनं पाना एका घट्ट बोल्टावर आडवा लावला, मध्यापासून मोजून अर्ध्या मीटरवर दोरी बांधली आन् माही वजनं त्याले टांगली. दहा, वीस, एकवीस. बावीसच्या आसपास पाना म्हणाला 'टक्'. तिनं कागदावर हिशेब केला. एकशे दहाच येत होता. ज्या वजनांनी मी जन्मभर कोबी मोजला, त्यांनीच पान्याले खरं ठरवलं.

मंग चूक आकड्यातच असन. शुक्रवारी ती अकोल्याले निघाली, तं मी बी बसमध्ये चढलो. "तुमी कायले?" तिनं विचारलं. "माही गाडी बंद आहे, घरी बायको बोलून राहिली, मी कुठं जाऊ?" मी म्हणालो. ती त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली.

जीवननं पुस्तक काढून पान उघडलं. तिथं स्वच्छ छापलं होतं, एकशे दहा. माधवी त्या पानाकडं पाहतच राहिली. पाना खरा, आकडा खरा, बोल्ट कंपनीचा. आता चूक उरली फक्त तिची सोताची. मले वाटलं, संपलं. जीवन म्हणाला, "चहा घे." ती म्हणाली, "पुस्तक पहिल्या पानापासून वाचू दे." आन् एका उलट्या डब्यावर बसून वाचाले लागली.

मी दोन कप चहा प्यालो, जीवनच्या सायबाशी एक छोटं भांडणही करून आलो, ते मी मोजत नाही. परत आलो तं ती एका पानावर बोट ठेवून बसली होती. आकड्यांचा तक्ता सुरू होण्याआधी, बारीक अक्षरात एक ओळ. तिनं मराठीत सांगितली, "सगळे आकडे साफ आन् कोरड्या आट्यांचे आहेत. तेल लावू नये."

जीवननं कपाळावर हात मारला. "अरे बाप्पा! फोनवर सांगताना ती ओळ मले सांगाची सुचलीच नाही."

"तू सांगितली असती तरी मी ऐकली नसती," ती म्हणाली. "आपल्याकडं बोल्ट म्हटला की तेल आलंच."

मले समजलं नाही. बसमध्ये तिनं समजावलं. आटे कोरडे असले की आपला बराचसा जोर घासण्यातच जाते, थोडाच बोल्ट ओढण्यात. तेल लावलं की घासणं कमी होते, आन् त्याच जोरात बोल्ट जास्त ओढल्या जाते. पाना बापडा 'टक्' एकशे दहावरच करते, पण आत बोल्ट ताणल्या गेलेला असते, आन् खड्ड्यांचे दणके खाऊन एक दिवस तुटते.

"मंग तुह्या बापाचे चाळीस वर्षं काहून नाही तुटले?" मी विचारलं. "तो तं तेलाच्या आंघोळी घाले बोल्टांले!"

ती खिडकीतून बाहेर पाहत होती. म्हणाली, "बाबाचा हात तेलासंगं शिकला काका. तेल आहे म्हणून तो आधीच थांबे. त्याचा हात खरा होता. पुस्तकही खरं. मी तेल बाबाचं घेतलं आन् आकडा पुस्तकाचा." मंग म्हणाली, "बाबाले कसं सांगू? त्याचा कायदा आहे तो."

"मी सांगतो."

"तुमी? तुमी तोंड उघडलं तं बाबाले दुसरा झटका येईन."

रविवारी बावीसही गाड्यावाले जमले. मिस्त्री खुर्चीवर होता. माधवीनं एका डब्यातून दोन नवे बोल्ट काढले, सगळ्यांले दाखवले. दोन्ही बोल्ट जाड लोखंडी पट्टीत बसवले. एकाले तेल, एक कोरडा. त्याच पान्यानं दोन्ही कसले. टक्. टक्. मंग दोन्ही ढिले करून बाहेर काढले आन् त्यांचे नट पुन्हा वर लावून दिले.

किशोर म्हणाला, "हे जादूचे खेळ कोणासाठी? सोताची चूक बापाच्या तेलावर ढकलून राहिली. ज्या बापानं शिकवलं, त्याचंच नाव खराब!"

झालं. माहं डोकं फिरलं. "किशोऱ्या, गप्प बस! बोल्ट तुह्याही गाडीचा तुटला, माह्याही. तू आठ दिवस काय केलं? पारावर बसून बडबडला. मी बी तेच केलं. या पोरीनं अकरा गाड्या खोलल्या, अकोल्याले जाऊन पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं. तुह्यात आन् माह्यात आहे का कोणी पुस्तक पहिल्या पानापासून वाचणारा? नट हातानं फिरवून पाहाची हिंमत असन तं ये पुढं, नाही तं घरी जाय!" हे माहं तिसरं भांडण. याच्यातला एकही शब्द मी परत घेत नाही.

किशोर पुढं आला. कोरड्या बोल्टावरचा नट त्यानं दोन बोटांनी फिरवला, तो सरसर शेवटापर्यंत गेला. तेलाच्या बोल्टावरचा नट तीन फेरे गेला आन् अडकला. त्यानं जोर लावला, दात खाल्ले, तरी नट हलेना. बोल्ट ताणल्यामुळं आटेच सरकले होते. किशोरनं दुसऱ्याच्या हातात दिला, त्यानं तिसऱ्याच्या. बावीस जणांच्या हातून तो बोल्ट फिरला. कोणी काही बोललं नाही.

मंग सगळे मिस्त्रीकडं पाहाले लागले. माधवी बापासमोर उकिडवी बसली आन् जे मले बसमध्ये सांगितलं, तेच त्याले सांगितलं. "बाबा, तुमचा हात चुकला नाही. पण आता तेल बंद करा लागन."

मिस्त्री उठला. फळीपाशी गेला आन् तेलाची कुपी उचलली. मले वाटलं, फेकते आता पोरीच्या अंगावर. त्यानं ती हातात फिरवली आन् मोठ्यानं हसला. "चाळीस वर्षं मले वाटे, बोल्ट या तेलानं टिकते. बोल्ट तं माहा हात टिकवत होता बे! आन् मी भैताड तेलाची आरती करत होतो." मंग माधवीकडं वळून म्हणाला, "माह्या सगळ्या चेल्यांले फोन लाव. कोणी आकड्याचा पाना घेतला असन तं आधी तेल लावणं बंद कराले सांग. म्हणा, मिस्त्रीनं सोता सांगितलं." कुपी त्यानं दाराच्या बिजागरीवर रिकामी केली.

टाळ्या पिटल्या लोकांनी. किशोरही पिटून राहिला होता, मी पाहिलं.

माही गाडी जॅकवर तशीच उभी होती. माधवी नवे बोल्ट फडक्यानं पुसत होती, कोरडे खडखडीत. पाना एकशे दहावर लावला. मिस्त्री तिच्यामागं जाऊन उभा राहिला. मंग म्हणाला, "तो पाना इकडं दे."

तिनं पाहिलं. आमी सगळ्यांनी पाहिलं. त्यानं डावा हात पुढं केला होता.

"बाबा, बसून..."

"दे म्हणलं नं."

तो गाडीखाली वाकला, पाना बोल्टावर बसवला आन् डाव्या हातानं ओढू लागला. हळूहळू. हाताच्या शिरा फुगल्या. त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही, शाळेत पाटीवर पहिलं अक्षर काढताना पोराचा असते तसा. कुठं थांबाचं ते त्या हाताले माहीत नव्हतं. तीन वर्षं माहीत नव्हतं.

टक्.

मिस्त्री थांबला. हाताकडं पाहिलं, मंग पोरीकडं. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आन् माणूस हसत होता.

"बस म्हणला बे! पाना बस म्हणला!" तो ओरडला. "दे दुसरा बोल्ट."

दोन्ही चाकांचे मिळून सहा बोल्ट होते, सहाही त्यानं कसले. माधवी एकेक पुसून देत गेली. शेवटच्या 'टक्' ले बावीस जण एकदम ओरडले, आन् मी सगळ्यांच्या वर. मंग मी गाडी खाली घेतली, चालू केली आन् मिस्त्रीले शेजारी बसवून तिवस्यापर्यंत नेलं. दारात माणिकबाई उभी होती. तिले सांगितलं, "चहा टाक. मिस्त्रीनं गाडी सोता कसली आहे."